खाऊच्या पुड्यातले खेळाडू

प्रस्तावना

१९७३ साली जपानमधल्या कॅल्बी कंपनीनं 'प्रो याक्यू स्नॅक' नावाचा कुरकुरीत खाऊ बाजारात आणला. याक्यू म्हणजे बेसबॉल. पुड्यासोबत एका व्यावसायिक बेसबॉलपटूचं रंगीत कार्ड मिळायचं. मालिकेतलं पहिल्या क्रमांकाचं कार्ड होतं शिगेओ नागाशिमा यांचं. टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघातला तिसऱ्या बेसवरचा हा खेळाडू जपानभरच्या मुलांच्या गळ्यातला ताईत होता. त्याच वर्षी जायंट्सनी सलग नवव्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात नागाशिमा निवृत्त झाले. हे कार्ड कुठल्या बँकेच्या तिजोरीसाठी छापलेलं नव्हतं. शाळेतून घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबणाऱ्या मुलासाठी ते होतं. आज तेच कार्ड कडा न झिजलेलं, कोपरे न दुमडलेलं मिळवायचं, तर संग्राहकाला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

मग ती सगळी कार्डं गेली कुठं? मुलांनी ती खिशात कोंबली, रबर लावून गठ्ठे बांधले, मैदानावर अदलाबदल केली, भावंडांशी भांडून फाडली. घर बदलताना किंवा साफसफाईत मोठ्यांनी ती रद्दीत घातली. काही कार्डं तर कंपनीकडेच परत गेली, कारण योजनाच तशी आखलेली होती. खाऊसोबत आलेल्या जपानी बेसबॉल कार्डांचा इतिहास म्हणजे मुख्यतः अशा नाहीशा झालेल्या कार्डांचा इतिहास आहे. या पुस्तकामागचं माझं म्हणणं त्यातूनच आलं आहे : या छंदात 'हे कार्ड केवढ्याला?' या प्रश्नाच्या आधी 'हे कार्ड सापडत का नाही?' हा प्रश्न विचारायला हवा. त्याचं उत्तर शोधता शोधता त्या काळातला कारखाना, दुकानदार, छपाई, मैदान आणि मूल यांची ओळख होते. किंमत हा त्यातला एक छोटा धागा आहे.

मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. १९८० च्या दशकात आपल्याकडे बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं आणि धावा-बळी यायचे आणि ते जमवण्यासाठी मुलं गमवर गम चघळायची. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियाच्या बिस्किटपुड्यांवरच्या धावा मोजणारी घरं अनेकांना आठवत असतील. खाण्याची वस्तू, आवडता खेळाडू आणि 'अजून एकच कमी आहे' ही हुरहुर या तिन्हींचं नातं आपण अनुभवलेलं आहे. जपानमध्ये ते जास्त काळ टिकलं, जास्त रूपांत फुललं आणि त्याचा मागोवाही जास्त बारकाईनं घेतला गेला. म्हणून हा अभ्यास तिथं जाऊन करायचा.

आधी खेळाविषयी. १८७२ साली होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकानं टोकियोत आपल्या विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला, असं मानलं जातं. पुढची साठेक वर्षं हा खेळ मुख्यतः शाळा-महाविद्यालयांत वाढला. १९३४ मध्ये बेब रूथसह अमेरिकी खेळाडूंचा संघ जपानच्या दौऱ्यावर आला. त्याच दौऱ्याच्या निमित्तानं जमवलेल्या जपानी खेळाडूंतून पुढे जायंट्स हा संघ उभा राहिला आणि १९३६ मध्ये व्यावसायिक सामने सुरू झाले. युद्धानं त्यात खंड पाडला. १९४६ मध्ये स्पर्धा पुन्हा उभी राहिली आणि १९५० मध्ये सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग झाल्या. जपानमध्ये संघ शहराच्या नावापेक्षा मालक कंपनीच्या नावानं ओळखले जात. वृत्तपत्रं, रेल्वे कंपन्या, चित्रपट कंपन्या हे नेहमीचे मालक. पण मालकांच्या यादीत खाण्यापिण्याचे उद्योगही ठळक आहेत. व्हेल्स संघ तैयो या मासेमारी कंपनीचा होता. १९६९ मध्ये ओरायन्स संघाला च्युइंगम आणि चॉकलेटवाल्या लोत्तेचं नाव लागलं. १९७० मध्ये अ‍ॅटम्स हा संघ याकुल्तचा झाला. पुढे त्याचं नाव स्वॅलोज झालं. १९७३ च्या अखेरीस हॅम-सॉसेज बनवणाऱ्या निप्पॉन हॅमनं फ्लायर्स संघ विकत घेतला. त्याला नंतर मिळालेलं फायटर्स हे नाव आजही कायम आहे. म्हणजे खाद्यपदार्थ आणि बेसबॉल यांची भेट फक्त पुड्यात नाही, कंपन्यांच्या ताळेबंदातही झालेली होती. कार्ड हे त्या नात्याचं मुलांच्या हाती आलेलं टोक.

आता खाऊविषयी. १९२२ मध्ये ओसाकात रि-इची एझाकी यांनी ग्लिको नावाची कॅरॅमल गोळी विकायला काढली. मुलाच्या आयुष्यात खाणं आणि खेळणं ही दोनच मोठी कामं असतात, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्याच दशकात ग्लिकोच्या खोक्यात चित्रं आणि चिमुकली खेळणी येऊ लागली. वस्तूबरोबर फुकट मिळणाऱ्या अशा भेटीला जपानीत ओमाके म्हणतात. पुढच्या शंभर वर्षांत जपानी खाऊच्या बाजारात ओमाकेला जे स्थान मिळालं, त्याची सुरुवात बहुतेक अभ्यासक इथून धरतात. हा प्रकार फक्त मुलांपुरताही राहिला नाही. १९६५ पासून नागातानिएन कंपनीनं भातावर चहा ओतून खाण्याच्या मसाल्याच्या पाकिटात हिरोशिगे या चित्रकाराच्या तोकाइदो मार्गावरच्या चित्रांची कार्डं घातली. ती १९९७ पर्यंत चालली आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर ही उकियो-ए शैलीची चित्रं जमवणारी मोठी माणसं ज्या देशात होती, तिथं मुलांनी बेसबॉलपटू जमवले यात नवल नाही.

बेसबॉल कार्डाचं आजोळ अमेरिका. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं आली. पुढे कॅरॅमल, पॉपकॉर्न आणि गम यांच्यासोबत ती येत राहिली. अमेरिकेतलं एक उदाहरण मला फार शिकवून गेलं, कारण आपल्या मूळ प्रश्नाचं नेमकं उत्तर त्यात आहे. क्रॅकर जॅक या कॅरॅमल लावलेल्या पॉपकॉर्नच्या खोक्यात १९१४ आणि १९१५ अशी दोन वर्षं खेळाडूंची कार्डं होती. १९१४ ची कार्डं फक्त खोक्यातूनच मिळत, म्हणून आज सापडणाऱ्या बहुतेक कार्डांवर कॅरॅमलचे डाग आहेत. १९१५ मध्ये कंपनीनं पूर्ण संच टपालानं मागवण्याची सोय दिली, म्हणून त्या वर्षीची कार्डं जास्त संख्येनं आणि जास्त स्वच्छ उरली आहेत. छपाई तीच, खेळाडूही बरेचसे तेच. फरक पडला तो वाटपाच्या पद्धतीमुळे. जपानी कार्डांचं कोडं उलगडायचं असेल तर हीच किल्ली वापरावी लागते.

जपानमध्ये खाऊच्या कार्डाला एक सख्खा शेजारी होता, तो म्हणजे मेंको. जाड पुठ्ठ्याचा गोल किंवा चौकोनी तुकडा, त्यावर रंगीत चित्र. आपला तुकडा जमिनीवर जोरात आपटून समोरच्याचा तुकडा पालथा पाडायचा, पडला तर तो आपला. युद्धानंतर मेंकोंवर बेसबॉलपटू झळकू लागले. मेंको खाऊच्या पुड्यात येत नसे. गल्लीबोळांतल्या स्वस्त गोळ्या-चिकीच्या छोट्या दुकानांत, म्हणजे दागाशियांत, तो वेगळा विकला जाई. दुकान एकच, गिऱ्हाईक एकच आणि हातातलं नाणंही एकच, म्हणून खाऊच्या कार्डांची कथा मेंकोशिवाय सांगता येत नाही. छायाचित्राच्या कागदावर छापलेले ब्रोमाइड आणि खोक्यातून येणारे बेसबॉलचे बैठे खेळ हेही याच घराण्यातले. या पुस्तकात त्यांचा उल्लेख जिथं गरज आहे तिथं येतो. मुक्काम मात्र खाऊपाशी आहे.

या क्षेत्राचा सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे कॅरॅमल कार्डं. युद्धानंतरच्या जपानमध्ये गोडधोड ही चैन होती. साखरेवरचं नियंत्रण १९५२ मध्ये उठलं. त्या टंचाईच्या वर्षांत अनेक लहान कारखान्यांनी कॅरॅमल बनवायला सुरुवात केली. चवीत मोठ्या, जुन्या कंपन्यांशी टक्कर देणं त्यांना कठीण होतं. त्यांनी मुलांना दुसऱ्या वाटेनं जिंकलं. टोकियोच्या कोबाई कॅरॅमलच्या खोक्यात जायंट्सच्या खेळाडूंची कार्डं येत. ठरलेले खेळाडू आणि त्यांचे व्यवस्थापक शिगेरू मिझुहारा असा संच पुरा केला, की तो देऊन बेसबॉलचं साहित्य किंवा दुसरं बक्षीस मिळे. मिझुहारांचं कार्ड काही केल्या निघत नसे, ही त्या पिढीची आठवण वारंवार सांगितली जाते. ओकायामाच्या काबाया कंपनीनं वेगळा मार्ग धरला. तिच्या कॅरॅमलमधल्या चिठ्ठ्यांचे पन्नास गुण जमले, की मुलाला कथेचं एक पुस्तक मिळे. १९५२ ते १९५४ दरम्यान आलेल्या या काबाया ग्रंथमालेतून अनेक मुलांना आयुष्यातलं पहिलं स्वतःचं पुस्तक मिळालं. कोबाईचा कारभार १९५४ मध्ये थांबला. साखर मोकळी झाली, मोठ्या कंपन्या सावरल्या आणि लहानांचा जमाना सरला.

कॅरॅमल कार्डं का सापडत नाहीत, याचं उत्तर त्यांच्या योजनेतच आहे. पूर्ण संच कंपनीला परत करायचा होता. ज्या मुलानं सर्वांत निष्ठेनं जमवलं, त्याच्याच हाती शेवटी कार्ड उरलं नाही. हातात ग्लोव्ह आला आणि कार्डं कारखान्यात नष्ट झाली. मागे राहिले ते अपुरे, पुन्हापुन्हा आलेले, कुणाला नको असलेले खेळाडू. म्हणून या काळातल्या संग्रहांत सामान्य खेळाडूंची दाटी दिसते आणि संच पुरा करणारं कार्डच नेमकं गायब असतं. त्यात कागद पातळ, कार्ड आगपेटीच्या छापाएवढं, छपाई घाईची. कित्येक कार्डांवर कंपनीचं नावसुद्धा नाही. अशी निनावी कार्डं जुन्या वह्यांत चिकटून राहतात आणि ती नेमकी काय आहेत हे न ओळखता पुढच्या हाती जातात. दुर्मिळतेचा हा प्रकार फसवा आहे. वस्तू अस्तित्वात असते, पण तिची ओळख हरवलेली असते.

१९६० च्या दशकात चित्र बदललं. घरोघरी दूरचित्रवाणी आली, नागाशिमा आणि त्यांचे जायंट्समधले सहकारी सादाहारू ओ ही जोडी रोज संध्याकाळी दिसू लागली. १९६२ मध्ये विक्रीसोबतच्या बक्षिसांवर मर्यादा घालणारा कायदा झाला, त्यामुळे मोठ्या बक्षिसांच्या योजनांना आळा बसला. बक्षिसाचं आमिष आटोक्यात आलं आणि हळूहळू कार्ड हेच बक्षीस ठरलं, असं मला वाटतं. १९६७ मध्ये काबायानं अमेरिकेच्या लीफ या नावाशी हातमिळवणी करून अमेरिकी घाटाची गम कार्डं काढली. जपानी खेळाडू, पण मांडणी आणि आकार अमेरिकी. हा प्रयोग फार चालला नाही. त्यामुळे काबाया-लीफची कार्डं आज जपानी आणि अमेरिकी दोन्हीकडच्या संग्राहकांना हवी असतात आणि दोघांनाही सहज मिळत नाहीत. इथं दुर्मिळतेचं कारण परतफेड नाही, अल्पायुष्य आहे. अपयशी उत्पादनाची कार्डं यशस्वी उत्पादनाच्या कार्डांहून कमी असणार, हे साधं गणित आहे.

मग आली कॅल्बी. १९४९ मध्ये हिरोशिमात, अणुबॉम्बनं होरपळलेल्या शहरात, या कंपनीची स्थापना झाली. १९५५ मध्ये तिनं कॅल्शियम आणि जीवनसत्त्व बी-१ यांच्यावरून कॅल्बी हे नाव घेतलं. १९६४ मधल्या कोळंबीच्या कुरकुरीत कांड्यांनी ती घराघरांत पोहोचली. १९७१ च्या अखेरीस तिनं कामेन रायडर या दूरचित्रवाणीवरच्या नायकाच्या नावाचा खाऊ आणला. प्रत्येक पुड्यामागे दुकानदार एक कार्ड द्यायचा. मुलांनी कार्डं घेतली आणि खाऊ फेकून दिला. रस्त्यावर, गटारांत न उघडलेले पुडे पडू लागले, वृत्तपत्रांत टीका झाली, पालक आणि शिक्षक संतापले. अन्नाची टंचाई सोसलेल्या पिढीच्या डोळ्यांदेखत तिची मुलं अन्न फेकत होती, हे दुःख केवळ नैतिक उपदेशाचं नव्हतं. खाऊसोबतच्या कार्डांविषयी बोलताना हा प्रसंग टाळून चालत नाही. पुढे १९८० च्या दशकात लोत्तेच्या बिक्कुरिमान चॉकलेटमधल्या स्टिकरांबाबतही हेच घडलं. छंदाची ही काळी बाजू या पुस्तकात तिच्या जागी आहे.

बेसबॉलची मालिका ही त्या पाठोपाठची. 'प्रो याक्यू स्नॅक' आणि पुढे बटाट्याच्या चिप्सशी जोडलेला 'प्रो याक्यू चिप्स' हा प्रवास २०२३ मध्ये पन्नास वर्षांचा झाला. एवढ्या काळात कॅल्बीनं छापलेली कार्डं म्हणजे जपानी बेसबॉलचं एक समांतर दफ्तर आहे. सुरुवातीच्या मालिकांना संग्राहक पाठीमागच्या छपाईवरून 'झेंडा' आणि 'बॅट' अशा नावांनी ओळखतात. १९७० च्या दशकाच्या मध्यात एका मालिकेचे क्रमांक चौदाशेच्या वर गेले. एवढा संच एका मुलाला कधी पुरा करता येईल, अशी कल्पनाही कुणी केली नसेल. त्या काळातली छायाचित्रं मात्र अप्रतिम आहेत. मैदानावरच्या ठरावीक मुद्रांऐवजी सराव शिबिरातले, बाकावर बसलेले, सहकाऱ्यांशी हसत बोलणारे खेळाडू त्यांत दिसतात. पाठीमागे छोटा मजकूर असतो, तोही आकडेवारीपेक्षा गोष्टीसारखा. १९७७ च्या ३ सप्टेंबरला सादाहारू ओ यांनी ७५६ वा होमरन मारून अमेरिकी खेळाडू हँक अ‍ॅरनचा आकडा ओलांडला. त्या वाटचालीचा पाठलाग कॅल्बीच्या कार्डांनी पायरीपायरीनं केलेला दिसतो.

कॅल्बीच्या कार्डांत दुर्मिळतेची कारणं अनेक. काही मालिका देशाच्या ठरावीक भागांतच विकल्या गेल्या, म्हणून टोकियोच्या मुलाला त्यांचा पत्ताच नव्हता. हंगामाच्या शेवटी आलेली कार्डं कमी काळ दुकानात राहिली. शिवाय 'लकी कार्ड' होतं. ते निघालं की कंपनीला पाठवायचं आणि बदल्यात कार्डं ठेवायचा आल्बम मिळवायचा. कॅरॅमलच्या काळातला नियम इथंही लागू पडला : नशीबवान मुलानं ते पाठवून दिलं, म्हणून आज ते दिसत नाही. उलट त्या बदल्यात मिळालेले आल्बम टिकले आणि त्यांच्यामुळे बाकीची कार्डं वाचली. एका कार्डाच्या नाशातून शेकडो कार्डांचं रक्षण झालं, असंही म्हणता येईल.

कॅल्बीखेरीज बाकीच्या कंपन्यांची कार्डं तुलनेनं कमी अभ्यासली गेली आहेत. लोत्तेनं १९८० च्या दशकाच्या शेवटी गमसोबत कार्डं दिली. १९९१ मध्ये बेसबॉल मॅगझिन-शा या प्रकाशनसंस्थेनं बीबीएम या नावानं फक्त कार्डांची पाकिटं विकायला सुरुवात केली. आता कार्ड मिळवायला खाऊ विकत घेण्याची गरज उरली नाही आणि छंदाचे दोन प्रवाह वेगळे झाले. एकीकडे गुळगुळीत कागदावरची, मोठ्यांसाठीची कार्डं, दुसरीकडे चिप्सच्या पुड्याला चिकटवलेलं छोटं पाकीट. दुसरा प्रवाह आटला नाही. आजही जपानी दुकानांत बाराही संघांच्या खेळाडूंच्या मालिका चिप्ससोबत येतात आणि टोकियोच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलंही शेजारच्या दुकानातून ते पुडे घेऊ शकतात.

या छंदात वेगवेगळे पंथ आहेत आणि नव्या वाचकानं ते ओळखून घ्यावेत. पहिला पंथ संच पुरा करणाऱ्यांचा. त्यांच्या हातात यादी असते आणि रिकामा चौकोन त्यांना झोपू देत नाही. दुसरा पंथ एका खेळाडूच्या मागे जातो. ओ, नागाशिमा, इचिरो, किंवा परदेशातून आलेले खेळाडू, उदाहरणार्थ १९५१ मध्ये जायंट्सकडून खेळू लागलेले हवाईचे वॉली योनामिने. तिसरा पंथ प्रत्येक प्रकाराचं एकच कार्ड जमवतो, त्याला रुंदी हवी असते. चौथा संघनिष्ठ. हिरोशिमा कार्पचे चाहते यात आघाडीवर. १९७५ मध्ये त्या संघानं पहिलं लीग विजेतेपद मिळवलं, तेव्हाच्या लाल टोप्यांची कार्डं त्यांना जिवापाड प्रिय आहेत. पाचवा पंथ कार्डाच्या अवस्थेला सर्वोच्च मानतो, कार्ड तपासणी संस्थेकडे पाठवून प्लास्टिकच्या कवचात बंद करून घेतो. सहावा पंथ अभ्यासकांचा. त्यांना कार्डाइतकंच कॅरॅमलचं खोकं, दुकानातलं जाहिरातीचं पत्रक, बक्षिसांची यादी आणि रिकामा पुडा हवा असतो. माझा कल या शेवटच्या पंथाकडे आहे आणि तो मी लपवत नाही.

या अभ्यासाला शिस्त आली ती याद्यांमुळे. अमेरिकेत जेफर्सन बर्डिक यांनी १९३९ मध्ये कार्डांची सूची छापली आणि आपला प्रचंड संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. क्षुल्लक मानलेला कागद संग्रहालयात जाऊ शकतो, हे त्यांनी सिद्ध केलं. जपानी कार्डांसाठी इंग्रजीत असंच काम गॅरी एंगेल यांच्या सूचीनं केलं. कुठल्या कार्डाला काय म्हणायचं, याची भाषाच तिनं दिली. रॉबर्ट फिट्स यांनी या कार्डांचा सचित्र परिचय लिहिला आणि जपानी बेसबॉलच्या इतिहासावरही पुस्तकं लिहिली. जपानमध्ये टोकियोचं बेसबॉल हॉल ऑफ फेम आणि संग्रहालय १९५९ पासून आहे. कांदा-जिम्बोचो या जुन्या पुस्तकांच्या पेठेत बेसबॉलचा जुना कागद मिळतो. ओकायामाच्या प्रांतिक ग्रंथालयानं काबायाच्या त्या बक्षीस-पुस्तकांचं डिजिटायझेशन केलं आहे. कॅरॅमलच्या चिठ्ठ्यांवर मिळालेली पुस्तकं सरकारी ग्रंथालयाला जपाविशी वाटली, ही या क्षेत्राच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे.

निनावी कार्डाचा काळ कसा ठरवतात, हे नवागतासाठी सर्वांत रोचक. मालक बदलला की संघाचं नाव बदलायचं आणि गणवेशावरची अक्षरंही. फ्लायर्स संघ १९७२ पर्यंत तोएई या कंपनीचा होता, १९७३ या एकाच वर्षी निताकू होम फ्लायर्स होता आणि १९७४ पासून निप्पॉन हॅमचा. त्या एका वर्षात निताकूनं सात वेगवेगळे गणवेश वापरले. म्हणून निताकूच्या गणवेशातला खेळाडू दिसला, की कार्डाचा काळ वर्षापर्यंत नक्की होतो. लायन्स संघ १९७२ पर्यंत निशितेत्सु, मग तैहेइयो क्लब, मग क्राउन लाइटर आणि १९७९ पासून सेइबू. गणवेश, पाठीवरचा क्रमांक, खेळाडू त्या संघात कधी होता याची नोंद, कागदाची जाडी, छपाईचे ठिपके, सगळं एकत्र ठेवून निष्कर्ष काढायचा. जपानी लिपी येत नसली तरी मोजकी अक्षरं ओळखायला शिकलं की बरंच काम होतं. पुस्तकात त्यासाठी मदत दिली आहे.

हे सगळं आत्ताच का लिहावं? पहिलं कारण माणसांचं आहे. कॅरॅमलच्या खोक्यातून मिझुहारांची वाट पाहणारी मुलं आज ऐंशीच्या पुढे आहेत. नागाशिमा २०२५ च्या जूनमध्ये गेले. योजना कशी चालायची, बक्षीस कसं मिळायचं, दुकानदार काय म्हणायचा, हे सांगणारी तोंडं कमी होत आहेत. त्यातलं बरंचसं कुठल्याही छापील कागदावर नाही. दुसरं कारण दुकानांचं. दागाशिया ओसरत चालल्या आहेत आणि त्यांच्यासोबत जुनी जाहिरातपत्रकं, न विकलेला माल, वह्या नाहीशा होत आहेत. तिसरं कारण बाजाराचं. इचिरो २०२५ मध्ये अमेरिकेच्या कूपर्सटाउनमधल्या हॉल ऑफ फेममध्ये निवडले गेलेले पहिले जपानी खेळाडू ठरले. अमेरिकेत खेळणाऱ्या शोहेई ओतानी यांच्यामुळे जगभर जपानी कार्डांकडे नजर वळली. पैसा आला की कार्डं बाहेर येतात हे खरं. पण ती वह्यांतून सोलून, खोक्यांपासून आणि आठवणींपासून तोडून बाहेर येतात. चांगल्या अवस्थेचं कार्ड वेगळं काढलं जातं आणि सोबतचं फाटकं खोकं टाकून दिलं जातं. ज्या खोक्यावर योजनेचे नियम छापलेले होते तेच जातं आणि मग कार्ड बोलेनासं होतं. नकली छपायाही याच वातावरणात वाढतात. ज्या कार्डामागची माहिती हरवली आहे, त्याची नक्कल करणं सर्वांत सोपं असतं.

म्हणून या पुस्तकाची बांधणी सूचीची नाही. बाजारभाव इथं नाहीत, कारण ते पुस्तक छापून होईपर्यंत बदलतात. इथं कार्डांची मांडणी त्यांच्या नाहीसं होण्याच्या कारणांनुसार केली आहे : परत पाठवली गेलेली, खेळता खेळता मोडलेली, एकाच भागात विकली गेलेली, थोडाच काळ टिकलेल्या उत्पादनांची आणि ओळख हरवलेली. एका प्रकारातलं कार्ड दुसऱ्यातही बसतं, तिथं तसं सांगितलं आहे. जिथं पुरावा नाही तिथं अंदाज केलेला नाही. जपानी नावं मराठीत उच्चाराला धरून लिहिली आहेत आणि नाव आधी, आडनाव नंतर असा क्रम ठेवला आहे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं पाहिजे असं नाही, पण कॅरॅमलचा भाग वाचल्याशिवाय कॅल्बीचा भाग पुरता कळणार नाही, असं माझं मत आहे.

वाचकाकडून माझी एक अपेक्षा आहे. जपानमध्ये असाल, तिथून येणारा-जाणारा कुणी ओळखीचा असेल, किंवा इथंच आपल्या घरात जुन्या गमची वेष्टनं, बिस्किटपुड्यांवरच्या योजनेचे कागद, क्रिकेटची चित्रं उरली असतील, तर ती वेगळी काढण्याआधी जशी सापडली तशी पाहा. कशासोबत होती, कुणाची होती, किती जमल्यावर काय मिळणार होतं, हे सांगणारं माणूस जवळ असेल तर विचारा आणि लिहून ठेवा. कार्ड आजही विकत घेता येतं, त्याच्या भोवतीची माहिती एकदा गेली की कुठल्याही किमतीला परत मिळत नाही. भारतातल्या खाऊच्या कार्डांचा असा अभ्यास अजून व्हायचा आहे. जपानी संग्राहकांनी दाखवलेली वाट इथल्या कुणाला उपयोगी पडली आणि त्यातून पुढचं पुस्तक आपल्या मैदानांवर, आपल्या दुकानांवर लिहिलं गेलं, तर या पुस्तकाचं काम पुरं झालं असं मी मानेन.